चार एकरांची रिस्लिंग

फ्रान्सच्या पूर्व कडेला, अल्सास प्रांतात, रिबोव्हिले आणि रिकवीर या दोन नावाजलेल्या गावांच्या मध्ये हुनावीर नावाचं छोटंसं गाव आहे. गावाबाहेर जरा उंचावर तटबंदी असलेलं जुनं चर्च आहे आणि त्याच्या आसपासचा उतार द्राक्षवेलींनी भरलेला आहे. या उताराचं नाव रोझाकेर. साधारण २६ हेक्टरच्या या उतारातला १.६७ हेक्टरचा एक तुकडा, म्हणजे आपल्या हिशेबात चार एकरांहून किंचित जास्त जमीन, त्रिंबाख घराण्याकडे दोनशेहून अधिक वर्षं आहे. त्या तुकड्यातून निघणाऱ्या वाईनचं नाव क्लो सँत ह्यून. द्राक्ष एकच, रिस्लिंग. कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्या, रिस्लिंगमध्ये या वाईनच्या बरोबरीला बसतील अशी नावं जगात फार थोडी आहेत, आणि माझ्या मते तिची खरी ओळख चवीच्याही आधी तिच्या मालकांनी टाळलेल्या गोष्टींत सापडते.

त्रिंबाख घराण्याचा वाईनचा व्यवसाय १६२६ पासूनचा. तेव्हा अल्सास फ्रान्सचा भाग नव्हता. तीस वर्षांचं युद्ध संपल्यावर, १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून तो प्रदेश फ्रान्सकडे येऊ लागला. १८७१ मध्ये तो जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर परत आला, १९४० मध्ये पुन्हा गेला आणि दुसरं महायुद्ध संपताना पुन्हा फ्रान्सचा झाला. घराण्यातल्या फ्रेदेरिक एमिल यांच्या वाईनला १८९८ मध्ये ब्रसेल्सच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मोठा मान मिळाला, तेव्हा अल्सास जर्मन साम्राज्यात होता. क्लो सँत ह्यून हे नाव घातलेली पहिली वाईन १९१९ च्या हंगामाची, प्रांत फ्रान्सकडे परत आल्याबरोबरची. अल्सासच्या बाटल्या जर्मन धाटणीच्या उंच, निमुळत्या असतात आणि लेबलवरची भाषा फ्रेंच असते. त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

नाव संत हुना या बाईंवरून आलं. सातव्या शतकातल्या या उमराव घरच्या बाई गोरगरिबांचे कपडे स्वतः धूत, अशी आख्यायिका आहे. एका वर्षी पीक बुडालं तेव्हा गावच्या झऱ्यातून पाण्याऐवजी वाईन वाहिली, असंही गावात सांगतात.

जमिनीकडे वळायला हवं, कारण इथली निम्मी गोष्ट जमिनीत आहे. ऱ्हाईन नदीचं खोरं खचून तयार झालं, तेव्हा व्होज पर्वताच्या पायथ्याशी वेगवेगळ्या काळांतले खडक तुटून एकमेकांशेजारी आले. त्यामुळे अल्सासमध्ये एका उताराला ग्रॅनाइट, शेजारच्याला वालुकाश्म आणि त्यापुढच्याला चुनखडी असं चालतं. रोझाकेरमध्ये ट्रायासिक काळातल्या उथळ समुद्रात साचलेली, शंखशिंपल्यांची चुनखडी आहे. तिच्यात मॅग्नेशियमयुक्त डोलोमाइट मिसळलेलं आहे आणि वर जड चिकणमाती आहे. ग्रॅनाइटवरची रिस्लिंग लवकर खुलते, फुलांचा वास पहिल्याच वर्षी देते. चुनखडी आणि चिकणमातीवरची रिस्लिंग मिटून राहते. तिचं आम्ल टोकदार असतं आणि वास वर्षानुवर्षं दडून बसतो. ही वाईन कोवळी असताना ज्यांनी चाखली आणि "यात एवढं काय?" असं म्हटलं, त्यांची जीभ चुकलेली नसते. या मातीतली वाईन त्या वयात अशीच लागते.

हवामानाची बाजूही तितकीच महत्त्वाची. पश्चिमेकडून येणारे ढग व्होज पर्वत अडवतो. त्याचं सर्वांत उंच शिखर १४२४ मीटरचं आहे. पर्वताच्या पलीकडे धो धो पाऊस आणि अलीकडे कोलमारच्या भागात वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून दुष्काळी पट्ट्यात उतरणाऱ्याला ही पर्जन्यछाया वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कोरडी हवा म्हणजे भुरी, केवडा आणि कूज या द्राक्षाच्या रोगांचा जोर कमी, आणि घड वेलीवर ऑक्टोबरपर्यंत ठेवायची सोय. चिकणमाती पाणी धरून ठेवते, म्हणून कोरड्या वर्षीही वेल पार सुकत नाही.

रिस्लिंगला हा लांबलेला शरद फार मानवतो. मण्यात पाणी उतरल्यापासून साखर भरेपर्यंत दिवस लहान होत जातात आणि रात्री गार होत जातात. गार रात्रीत मण्यातलं मॅलिक आम्ल कमी जळतं, त्यामुळे साखर वाढली तरी आंबटपणा टिकतो. नाशिकच्या बागायतदाराने हे आपल्या वेळापत्रकाशी ताडून पाहावं. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि वाईनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे मणी पिकतो तो वाढत्या उन्हात, आणि उशीर झाला की आम्ल हातातून निसटतं. अल्सासची वेल हिवाळाभर झोपलेली असते, वर्षात एकच मुख्य छाटणी होते आणि फळ पिकतं उतरत्या उन्हात. नाशिकमध्येही रिस्लिंग केली जाते आणि थंड करून प्यायला ती छान लागते. मात्र वीस वर्षं ठेवायची रिस्लिंग तिथे होत नाही. त्यात करणाऱ्यांचं कौशल्य कमी पडतं असं नाही, ऋतूंचा क्रमच उलटा आहे.

रिस्लिंगचा घड लहान आणि गच्च असतो. गच्च घडात एक मणी फुटला की रस शेजाऱ्यांवर ओघळतो आणि करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, पसरते. गोड वाईन करणाऱ्यांना हीच बुरशी हवी असते, कारण ती मण्यातलं पाणी उडवून साखर घट्ट करते. कोरड्या वाईनला मात्र ती घातक आहे. तिने मधासारखा वास येतो आणि द्राक्षाचा स्वतःचा वास झाकला जातो. साखर इतकी वाढते की यीस्टला ती संपवता येत नाही. शिवाय लॅकेज नावाचं विकर रसात उतरतं आणि त्याने रस तपकिरी पडतो. या विकराला आवरायला सल्फर डायऑक्साइडसुद्धा अपुरा पडतो. म्हणून तोडणी हाताने आणि निवड बागेतच. बुरशी लागलेला भाग कात्रीने कापून टाकायचा, उरलेला घड तेवढा पाटीत.

बागेत आणखी एक काम असतं, पानं विरळण्याचं, आणि तिथे होणारी चूक फार वर्षांनी कळते. घड हवेशीर राहावा म्हणून घडाजवळची पानं काढतात. ती फार जास्त किंवा दुपारच्या उन्हाच्या बाजूने काढली, तर मण्याच्या सालीत कॅरोटिनॉइड जातीची रंगद्रव्यं आणि त्यांच्यापासून बनणारे घटक वाढतात. वाईनमधल्या आम्लामुळे हे घटक हळूहळू बदलतात आणि टीडीएन नावाचा पदार्थ तयार होतो. रॉकेलचा वास! जुन्या रिस्लिंगमध्ये हा वास थोडा असला तर तो तिच्या वयाचा भाग असतो. लिंबाची साल, सुकं गवत आणि ओला दगड यांच्या मागे तो पुसटसा राहतो. दोन वर्षांच्या बाटलीत तोच वास पुढे येऊन बसला असेल, तर बहुधा बागेत ऊन जास्त लागलं आहे. म्हणून पानं काढायची ती सकाळच्या उन्हाच्या बाजूने आणि बेताने. उन्हाळे तापत चालल्यावर तर काही वर्षी हातच लावू नये, हे बरं.

आता रसाकडे. अखंड घड, देठासकट, हवेच्या फुग्याने दाबणाऱ्या प्रेसमध्ये हळूहळू दाबतात. देठ ठेवण्याचं कारण साधं आहे. देठांमुळे रसाला वाहायला वाटा मिळतात, कमी दाबात रस सुटतो, आणि साल-बियांचा तुरटपणा त्यात कमी उतरतो. घाईने जास्त दाब दिला की रस थोडा अधिक मिळतो, पण कडसर होतो, आणि रिस्लिंगमध्ये तो कडवटपणा झाकायला ना लाकडाची चव असते ना साखर. मग रस थंड करून रात्रभर स्थिर ठेवतात, म्हणजे जाड गाळ खाली बसतो. इथे अंदाज लागतो. रस फार गढूळ राहिला तर आंबताना सडक्या अंड्यांसारखे जड वास येतात. फार नितळ केला तर यीस्टला लागणारं पोषण गाळाबरोबर निघून जातं आणि आंबवण मध्येच अडकतं.

अडकलेली आंबवण ही कोरड्या रिस्लिंगची सर्वांत मोठी डोकेदुखी. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होतं. १३ टक्क्यांची वाईन हवी असेल तर रसात २२० ग्रॅमच्या आसपास साखर लागते, आणि ती जवळजवळ सगळी संपली पाहिजे. ऑक्टोबर सरताना तळघर गार पडतं, रसाचं आम्ल कडक असतं, अल्कोहोल वाढत जातं, आणि शेवटच्या १०-१५ ग्रॅमपाशी यीस्ट दमून थांबतं. अनेक जण तिथेच समाधान मानतात, कारण थोडी गोडी उरलेली वाईन लगेच आवडते आणि लगेच खपते. त्रिंबाख तिथे थांबत नाहीत. त्यांच्या रिस्लिंगची ओळखच पूर्ण कोरडेपणा ही आहे, आणि अल्सासमधल्या बऱ्याच बाटल्या गोडीकडे झुकत गेल्या त्या काळातही त्यांनी ती सोडली नाही. ग्राहकांचा गोंधळ इतका वाढला की २०२१ च्या हंगामापासून अल्सासच्या लेबलवर कोरडी की गोड हे लिहिणं सक्तीचं झालं. सेक म्हणजे कोरडी, देमी-सेक म्हणजे निमगोड, त्यापुढे म्वालू आणि दू. बाटली विकत घेताना आधी हा शब्द शोधावा.

आंबवण स्टीलच्या टाक्यांत होते किंवा मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत, ज्यांना फुद्र म्हणतात. जुन्या फुद्रच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षांच्या टार्टरिक क्षारांचा खडेदार थर चढलेला असतो. त्या थरामुळे वाईनचा लाकडाशी संबंध जवळपास तुटतो आणि ओकची चव मुळीच येत नाही. नव्या ओकची व्हॅनिला इथे कुणी शोधू नये. त्याचप्रमाणे मॅलोलॅक्टिक प्रक्रियाही होऊ देत नाहीत. या प्रक्रियेत जीवाणू कडक मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल करतात आणि वाईनला लोण्याकडे झुकणारी चव येते. फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांतातल्या शार्डोने द्राक्षाच्या वाईनला ते शोभतं. रिस्लिंगमध्ये मात्र त्याने वासाची धार जाते आणि टिकण्याची ताकदही घटते. ते रोखायला तळघर गार ठेवावं लागतं, आंबवण संपताच सल्फर डायऑक्साइडची योग्य मात्रा द्यावी लागते, आणि बाटलीत भरण्यापूर्वी नीट गाळावं लागतं. यातलं काही ढिलं पडलं तर ही प्रक्रिया बाटलीतच सुरू होते. मग वाईन गढूळ होते, जिभेवर बारीक बुडबुडे येतात आणि सगळा हंगाम वाया जातो.

बाटलीत भरणं लवकर, तोडणीनंतरच्या वर्षातच, ताजेपणा कोंडून ठेवायला. आणि मग वाट पाहणं. क्लो सँत ह्यून साधारण पाच-सहा वर्षं, कधी त्याहून जास्त, तळघरात पडून राहते आणि मगच विक्रीला येते. वर्षाला आठ-नऊ हजारांच्या घरात बाटल्या निघतात. म्हणजे हेक्टरी साधारण चाळीस हेक्टोलिटर (चार हजार लिटर), अल्साससाठी बेताचंच उत्पादन. सहा वर्षांचा साठा धरला तर न विकलेल्या चाळीस-पन्नास हजार बाटल्या कायम तळघरात पडलेल्या असतात, तेही घराण्याच्या एका वाईनच्या. इतका पैसा असा अडकवून ठेवायला दर तिमाहीचा नफा बघणारी कंपनी तयार होणं कठीण. जुन्या घराण्याचा वाईनला नेमका उपयोग काय, याचं मला पटलेलं उत्तर हे आहे. बाराव्या-तेराव्या पिढीचं कौतुक करताना आपण सनावळीत रमतो, पण वाईनला त्या सनावळीचा फायदा होतो तो असा, रोख पैशाच्या रूपाने.

सगळं आपल्याच पद्धतीने करण्याच्या याच हट्टातून एक जुना वाद आला. अल्सासमध्ये १९७५ पासून ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे ठरवलेले उतार, ही व्यवस्था सुरू झाली. आज असे ५१ उतार आहेत आणि रोझाकेर त्यांपैकी एक. तरीही त्रिंबाखांनी अनेक दशकं क्लो सँत ह्यूनच्या लेबलवर ग्राँ क्रू हे शब्द छापले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की सीमा आखताना हात सैल सोडला, सरस आणि सामान्य जमीन एकाच नावाखाली आली. रोझाकेरचे २६ हेक्टर आणि त्यातले यांचे १.६७ हेक्टर पाहिले तर त्यांचा मुद्दा समजतो. त्यांची दुसरी मोठी रिस्लिंग, क्युव्हे फ्रेदेरिक एमिल, गाइसबर्ग आणि ऑस्टरबर्ग या रिबोव्हिलेच्या दोन ग्राँ क्रू उतारांवरची, आणि तिच्यावरही घराण्यातल्या माणसाचंच नाव. पुढे रिबोव्हिलेच्या मठाकडच्या गाइसबर्गमधल्या वेली त्यांच्याकडे आल्या, तेव्हा २००९ च्या हंगामापासून त्या वाईनवर मात्र ग्राँ क्रू छापलं गेलं. मला त्यांची जुनी भूमिका योग्य वाटते, पण नव्या ग्राहकाचं त्यात नुकसान झालं, हेही खरं. ज्याला घराण्याचं नाव ठाऊक नाही त्याला त्या पिवळ्या लेबलवरून आत काय आहे याचा पत्ता लागत नव्हता.

बाटली हाती आली तर काय करावं, ते सविस्तर सांगतो, कारण आपल्या हवेत चांगल्या वाईनची माती व्हायला एक उन्हाळा पुरतो. १२ ते १४ अंश, अंधार, आडवी ठेवलेली बाटली, हवेत ७० टक्क्यांच्या आसपास ओलावा. नागपूर-पुण्याच्या कपाटात मे महिना काढलेली रिस्लिंग परत सुधारत नाही. तापलेल्या बाटलीत वाईन फुगते, बूच वर सरकतं आणि थंड झाल्यावर आत हवा शिरते. बाटली घेताना बुचाचा फुगवटा आणि कॅप्सूलखाली, म्हणजे बाटलीच्या तोंडावरच्या वेष्टणाखाली, सुकलेला चिकट ओघळ बोटाने तपासावा. वाईनचा खास फ्रिज नसेल आणि काही महिन्यांतच उघडायची असेल, तर स्वयंपाकघरातला फ्रिजही कपाटापेक्षा बरा. वर्षानुवर्षं मात्र तिथे ठेवू नये, कारण कोरड्या हवेत बूच आक्रसतं.

फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतू नये. चार अंशांवर ही वाईन फक्त आंबट लागते. १० ते १२ अंश योग्य. मुंबईच्या खोलीत त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं पुरतात आणि त्यानंतर ती भराभर तापते, म्हणून ग्लास एक तृतीयांशच भरावा आणि बाटली पाण्यात थोडा बर्फ घालून त्यात ठेवावी. दहा वर्षांच्या आतली बाटली तासभर डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या रुंद सुरईत, ओतून ठेवली तर मोकळी होते. वीस वर्षांची असेल तर डिकँटर नको. आदल्या दिवसापासून उभी ठेवावी, दोन पात्यांच्या बूचकाढणीने बूच अलगद काढावं आणि सरळ ग्लासात घ्यावी. तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नये, ते टार्टरिक क्षार आहेत, थंडीने खाली बसतात. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बूच बिघडलेलं आहे, त्याला उपाय नाही, बाटली परत करावी. रंग तपकिरी आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा असेल तर आत हवा गेली आहे. सोनेरी रंग मात्र वयाचा असतो आणि तो चांगलाच.

जेवणाबद्दल माझं मत ठाम आहे. भारतीय जेवणाबरोबर रिस्लिंग चालते, हे सरसकट सांगितलं जातं. ते निमगोड रिस्लिंगबद्दल खरं आहे. ही वाईन कोरडी आणि १३ टक्क्यांच्या आसपासची. अल्कोहोलमुळे तिखटाची आग वाढते आणि ती शमवायला इथे साखर नाही. मालवणी तिखट रश्शासमोर तिचं काहीच कळणार नाही. हळद-मीठ-लिंबू लावून तव्यावर भाजलेलं पापलेट, नारळाच्या दुधातली कमी तिखटाची कोळंबी, उकडलेला खेकडा हे तिचे जोडीदार. शाकाहारी ताटात ओल्या काजूची सौम्य उसळ. खुद्द अल्सासमध्ये ती व्होजच्या ओढ्यांतल्या ट्राउट माशाबरोबर घेतात. आंबवलेल्या कोबीच्या शुक्रूतबरोबर साधी रिस्लिंग पुरते, त्यासाठी ही बाटली उघडू नये.

आणि एका बैठकीत संपवायची घाई करू नये. बूच परत घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर कोवळी बाटली तीन-चार दिवस उत्तम राहते, दुसऱ्या दिवशी तर बहुधा पहिल्यापेक्षा सरस लागते. जुनी बाटली मात्र त्याच रात्री संपवावी, म्हणून ती उघडताना चार माणसं जमवावीत.